डोक्यावर चढलेल्या भिंती

एका जंगलात दोन तळी होती. एक वर माळावर, एक खाली जांभळीच्या राईत. वरच्या तळ्याला वरचं तळं म्हणायचे आणि खालच्याला खालचं. तिथले लोक नावं देण्यात फारसे हुशार नव्हते. ठेवण्यात मात्र होते.

त्या जंगलाचा राजा सिंह. नाव उत्तुंगराव. घराणं जुनं, आयाळ दाट, आणि घराण्याची एक रीत होती, पोरांनो. राजा चढतो. राजा उतरत नाही.

राजा गादीवर चढायचा, कड्यावर चढायचा, रागावला की त्याचा पारा चढायचा. पण 'उतरणं' हा शब्द दरबारात काढायची सोय नव्हती. महाराजांना ताप येऊन गेला, तर ताप उतरला म्हणायचं नाही. ताप चढायचा थांबला, असं म्हणायचं. चुलीवरून भाताचं भांडं उतरवायचं नाही. ते जमिनीवर चढवायचं. महाराजांना दृष्ट लागली तर मीठमोहऱ्या उतरून टाकायच्या नाहीत. वर फेकायच्या. ज्याच्या डोळ्यांत पडतील त्यानं गप्प राहायचं.

इथपर्यंत ठीक होतं. रीत म्हटली की थोडीफार मोहरी डोळ्यांत जायचीच.

अडचण यायची ती उन्हाळ्यात. उन्हाळ्यात माळ तव्यासारखा तापायचा, मग दरबार खालच्या तळ्यावर, जांभळीच्या सावलीत न्यावा लागायचा. मधे होता उतार. आता उतार आला म्हणजे उतरणं आलं.

उत्तुंगरावांचे वडील त्यावर एक युक्ती करायचे. ते डोंगराकडे तोंड करायचे, उताराकडे पाठ करायची, आणि एक-एक पाय मागं टाकत खाली यायचे. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, महाराज चढताहेत. एका उन्हाळ्यात असेच मागं न बघता चढता चढता ते दरीत गेले. दरबारानं जाहीर केलं, की थोरले महाराज थेट स्वर्गात चढले.

उत्तुंगराव अंगानं भारी होते आणि त्यांना स्वर्गाची घाई नव्हती. तेव्हा त्यांच्यासाठी दुसरी वाट शोधावी लागली. ती वाट पाण्याची होती.

दोन तळ्यांच्या मधे एक जुना कालवा होता. कुणी बांधला ते कुणाला ठाऊक नव्हतं. कालव्याच्या मधोमध एक दगडी हौद. लांबट, खोल, दोन्ही बाजूंना उभ्या ताठ भिंती. हौदाला दोन दारं, एक वरच्या तळ्याच्या अंगाला, एक खालच्या. आणि दर दाराच्या बुडाशी एक मोरी, तिला सरकती फळी.

आता हौदाची गंमत नीट ऐका. घाई नाही, जांभया देऊ नका.

समजा, वरून गलबत आलं. ते हौदात घ्यायचं. हौद काठोकाठ भरलेला. मागचं वरचं दार लावून घ्यायचं, आणि खालच्या दाराची मोरी उघडायची. हौदातलं पाणी हळूहळू खालच्या तळ्यात जातं. पाणी जाईल तसं गलबतही त्याच्या पाठीवर बसून खाली येतं. हौदातलं पाणी आणि खालचं पाणी एका पातळीला आलं, की खालचं दार बोटानं ढकललं तरी उघडतं. त्याआधी उघडू म्हटलं तर गव्यांचा कळप आणा, हलायचं नाही, कारण आतून पाणी दाराला टेकून बसलेलं असतं.

वर जायचं तर उलटं. खालचं दार लावा, वरची मोरी उघडा. वरचं तळं हौदात पाणी ओततं आणि गलबत वर येतं. घरी रांजणात लिंबू टाकून बघा, पाणी ओता, लिंबू वर. पाणी काढा, लिंबू खाली. लिंबाला काही करावं लागत नाही. म्हणून तर राजाला हे वाहन आवडण्यासारखं होतं.

हत्तींनी सागाचे सोट जोडून भलंमोठं गलबत बांधलं. त्याचं नाव ठेवलं 'उन्नती'. काठानं चालत दोर ओढायला हत्ती होते. दारं ढकलायला गवे होते. मोऱ्या उघडायला-लावायला कालव्यावर वर्षानुवर्षं राहणारं, बुडाजी नावाचं पाणमांजर होतं. आणि महाराज काय करताहेत ते जगाला ओरडून सांगायला होती ठकू टिटवी.

ही गोष्ट या ठकूचीच आहे.

ठकू दरबारात भालदार होती. आवाज असा, की एका तळ्यावर ओरडली तर दुसऱ्या तळ्यावरचे बेडूक गप्प व्हायचे. महाराज बसले की तिनं सांगायचं, "महाराज बसले." महाराजांनी जांभई दिली की तिनं सांगायचं, "महाराजांनी जांभई दिली." काम सोपं होतं. जे दिसतं ते सांगायचं. फक्त एक शब्द सोडून.

तिचं घर खालच्या तळ्याच्या काठाला होतं. टिटवी झाडावर घर बांधत नाही, हे तुम्हाला माहीत असेल. पाण्याजवळ चार खडे बाजूला सारले की झालं तिचं घर. त्या उन्हाळ्यात त्या घरात चार अंडी होती, खड्यांच्याच रंगाची. ठकू दिवसभर दरबारात, म्हणून अंड्यांवर तिचा नवरा नाथा बसायचा. तो अंड्यांशी गप्पा मारायचा. ऊन आलं की चोचीनं पाणी आणून शिंपडायचा.

"अहो, इतके लाड नका करू," ठकू म्हणायची. "अजून बाहेर नाही आलीत. आत्तापासून डोक्यावर चढतील."

"चढू दे की," नाथा म्हणायचा. "राजाच्या जंगलात चढायला बंदी नाही."

तर उन्हाळा आला आणि महाराज पहिल्यांदा गलबतात बसले. शेजारी प्रधान बसला. प्रधान म्हणजे साळिंदर. अंगभर लेखण्या, त्यामुळे सगळ्यांना तो फार शिकलेला वाटायचा. काठांवर सगळं जंगल जमलं. ठकू डोलकाठीवर बसली.

गलबत हौदात आलं. मागं दार लागलं. बुडाजीनं पाण्यात बुडी मारून खालच्या मोरीची फळी सरकवली. पाणी निघालं. गलबत निघालं.

ठकूनं सवयीनं चोच उघडली. "महाराज उत—"

प्रधानाचे काटे ताठ झाले. सगळं जंगल श्वास रोखून ठकूकडे बघायला लागलं. उघडलेली चोच तशीच मिटता येत नाही, पोरांनो. काहीतरी बोलावंच लागतं. ठकूनं आजूबाजूला बघितलं. दोन्हीकडच्या ओल्या भिंती हळूहळू वर निघाल्या होत्या. म्हणजे तसं दिसत होतं.

"भिंती चढताहेत," ठकू ओरडली.

महाराजांनी मान वळवली. "भिंती? आणि त्या कशाला?"

"आपण आलात ना महाराज," ठकू म्हणाली. "उठून उभ्या राहताहेत."

महाराजांनी डाव्या भिंतीकडे बघितलं. उजव्या भिंतीकडे बघितलं. खरंच, दोघी उठत होत्या. शेवाळलेल्या, म्हाताऱ्या भिंती, पण कशा सरळ. महाराजांनी मिशांवरून पंजा फिरवला.

"आमच्या वडिलांच्या वेळी उठायच्या का?"

"छे," प्रधान म्हणाला. "त्यांच्या वेळी बसूनच असायच्या. काही शिस्तच नव्हती."

गलबत तळाशी पोचलं. गवे खालचं दार उघडायला आले. महाराजांनी पंजा वर केला. "थांबा. परत करा."

"काय परत करायचं, महाराज?"

"भिंतींना परत उठू द्या."

आता भिंतींनी परत उठायचं तर आधी बसायला हवं. बुडाजीनं खालची मोरी लावली, वरची उघडली. वरच्या तळ्याचं पाणी हौदात आलं, गलबत वर आलं, आणि ठकू ओरडली, "भिंती मुजऱ्याला वाकताहेत." महाराजांनी मुजरा घेतला. मग पुन्हा खाली. भिंती उठल्या. पुन्हा वर. भिंती वाकल्या.

सबंध दिवस हेच चाललं. काठावरच्या माकडांनी भाषणं केली. शेजारच्या जंगलात भिंती अजून आहेत तिथंच आहेत, आपल्याकडे मात्र त्या हालचाल करू लागल्या, असं एका माकडानं सांगितलं तेव्हा फार टाळ्या पडल्या. मोरांनी भिंतींना पिसांच्या माळा घातल्या. त्या दर खेपेला भिजत होत्या, पण कौतुकात तेवढं चालायचंच. प्रधानानं ठकूला जवळ बोलावून सांगितलं, "ठकूबाई, नशीब काढलंत. पुढच्या वर्षी मुख्य भालदार."

संध्याकाळी ठकू उडत घरी आली, ती पंख जरा जास्तच पसरून. नाथा अंड्यांवर बसला होता. त्याचे पाय ओले होते.

"काय गं ठके, वर पाऊस झाला का?"

"उन्हाळ्यात कुठला पाऊस?"

"मग हे काय? सकाळी पाणी त्या बाभळीच्या मुळीशी होतं. आता मुळी दिसत नाही. पाणी आपल्या उंबऱ्याशी आलंय."

ठकूनं बघितलं. खडकावर बसणारा बेडूक आज पोहत होता.

खालच्या तळ्याला बाहेर जायला एक ओहोळ होता, बारीकसा. रोज एखादी खेप झाली तर तेवढं पाणी तो निमूट घेऊन जायचा. पण आज दिवसभर भिंती उठल्या होत्या, आणि एकदा भिंती उठल्या की हौदभर पाणी खालच्या तळ्यात येत होतं. ओहोळ बिचारा किती नेणार.

"कोण करतंय हे?" नाथानं विचारलं.

"भिंती," ठकू म्हणाली. आणि तिला स्वतःच्याच शब्दाची लाज वाटली.

"भिंतींना काय झालं?"

ठकूनं सगळं सांगितलं. नाथा ऐकत गेला. ऐकता ऐकता चोचीनं एक-एक खडा उचलून घराभोवती रचत गेला.

"अंडी उचलून नेता येणार नाहीत," तो म्हणाला. "चोचीत मावत नाहीत, आणि पायांनी ढकलली तर फुटतील. एकातून आतून टकटक ऐकू येतंय. दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे, ठके. बाहेर आली की पळतील आपल्या पायांनी. तेवढे दिवस तुझ्या राजाला गप्प बसायला सांग."

"राजाला कसं सांगायचं?"

"चढवलंस तूच. आता—" नाथा थांबला. दरबारात कामाला असणाऱ्याच्या घरीही काही शब्द जपून वापरायची सवय लागते. "आता तूच बघ."

दुसऱ्या दिवशी ठकू पहाटेच हौदावर गेली. बुडाजी काठावर बसून मिशा पुसत होता. आज त्यानं मिशा फारच नीट पुसल्या होत्या.

"बुडाजीभाऊ, आज मोरी उघडू नका. म्हणावं, फळी अडकली."

"अडकली? माझ्या हाताखाली?"

"माझी अंडी बुडताहेत हो. तुमच्या हौदाचं पाणी माझ्या घरात शिरतंय."

बुडाजीनं मान हलवली. "वाईट झालं. पण ठकूताई, मी आजवर समजत होतो, मी पाणी सोडतो. काल तुमच्या तोंडून कळलं, की मी भिंती उठवतो. एवढं मोठं काम मी इतकी वर्षं करतोय, आणि मलाच पत्ता नाही. रात्री बायकोनं ओवाळलं मला. आता फळी अडकली म्हणून सांगू? भिंतींना काय वाटेल?"

"भिंती उठत नाहीत, बुडाजीभाऊ. तुम्हाला तरी माहीत आहे ना?"

"काल सकाळपर्यंत माहीत होतं," बुडाजी म्हणाला. "पण आता ओवाळून झालंय ना."

ठकू तिथून उठली ती महाराजांपुढं गेली. महाराज गलबतात चढून बसलेच होते. ठकूनं मान लववली.

"महाराज, एक विनंती आहे. खालच्या तळ्याचं पाणी चढलंय."

"चढलंय?" महाराजांचे डोळे चमकले. "ऐकलंत का प्रधान, पाणीसुद्धा चढायला लागलं."

"आपला प्रताप," प्रधान म्हणाला.

"तसं नाही महाराज. ते चढलंय, हीच तक्रार आहे."

"चढण्याची तक्रार?" महाराजांना ते काही समजेना. समजणार कसं? चढणं वाईट असतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. "आणि वरच्या तळ्याचं काय?"

ठकूनं वरच्या तळ्याकडे बघितलं. काठाचा चिखल उघडा पडला होता, त्यात शिंपले दिसत होते. जे झालं होतं त्याला एकच शब्द होता आणि तो काढायची बंदी होती.

"वरचं पाणी," ठकू म्हणाली, "जरा नम्र झालंय."

"छान," महाराज म्हणाले. "चला. भिंती वाट बघत असतील."

पुन्हा खेपा सुरू झाल्या. ठकू डोलकाठीवर बसून ओरडत होती, आणि दर ओरडण्यासरशी तिला नाथाचे ओले पाय दिसत होते. उठल्या, हौदभर पाणी. उठल्या, हौदभर पाणी. दुपारपर्यंत तिच्या मनाची तयारी झाली. ती म्हणाली, जाऊ दे ती मुख्य भालदारी. खरं बोलून टाकावं. खऱ्याला मरण नाही, असं सगळे म्हणतात.

गलबत खाली निघालं तशी ती डोलकाठीवरून महाराजांच्या समोर फळीवर येऊन बसली, आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "महाराज, भिंती चढत नाहीत. आपण उतरता."

काठावरच्या एका माकडाच्या हातातलं जांभूळ पाण्यात पडलं. तो आवाज सगळ्यांना ऐकू आला.

महाराजांनी कपाळाला आठ्या घातल्या. "काय म्हणाली ही?"

"आपण उत्तर देता, असं म्हणाली," प्रधान घाईघाईनं म्हणाला. "भिंती उठतात, आणि आपण त्यांना उत्तर देता."

"अच्छा," महाराज म्हणाले. "पण आम्ही काही बोललो नाही."

"मौन हेच उत्तर, महाराज."

"खरं आहे," महाराज म्हणाले, आणि त्यांनी भिंतींना आणखी थोडं उत्तर दिलं.

"महाराज, उत्तर नाही हो," ठकू कळवळून म्हणाली. "उतरता. उ, त, र. तुम्ही खाली चालला आहात. पाण्याबरोबर."

महाराजांनी ठकूकडे मायेनं बघितलं. मग प्रधानाला हळूच म्हणाले, "बिचारीला ऊन लागलंय. ताप चढलेला दिसतो. संध्याकाळी हिला औषध द्या."

झालं. खरं बोलून झालं, आणि काही झालं नाही. ना राजा रागावला, ना खेप थांबली. ठकूला वाटलं होतं आपली मान जाईल. मान होती तिथंच राहिली, पाणी मात्र खाली चाललं.

गलबत तळाशी टेकत आलं. आणि त्याच वेळी बंद दाराच्या पलीकडून, खालच्या तळ्यावरून, एक आवाज आला. टिटिवटिव, टिटिवटिव. नाथाचा आवाज. टिटव्यांच्या भाषेत त्याचा एकच अर्थ असतो. पाणी घरात आलं.

ठकूनं वर बघितलं. ती हौदाच्या तळाशी, महाराज तळाशी, प्रधान तळाशी. दोन्हीकडे काळ्या ओल्या भिंती आभाळापर्यंत गेलेल्या. मधे आकाशाची एक चिंधी. तिला आता ना खरं सुचत होतं, ना खोटं. तिला फक्त आपलं घर दिसत होतं. आणि घरात आई जे रोज बोलते, तेच तिच्या तोंडून गेलं.

"फार लाड केलेत महाराज. भिंती डोक्यावर चढल्या."

महाराज दचकले. "कुणाच्या डोक्यावर?"

"आपल्याच की. बघा ना वर."

महाराजांनी वर बघितलं. कालपासून त्यांनी भिंती उठताना बघितल्या होत्या, पण उठून कुठवर गेल्या ते बघितलं नव्हतं. मान मागं टाकावी लागली, मुगुट सरकला. सबंध जंगलात कुणाकडे मान मागं टाकून बघायची वेळ महाराजांवर आजवर आली नव्हती. हत्तीसुद्धा दरबारात गुडघे टेकून बसायचे.

"प्रधान," महाराज हळू आवाजात म्हणाले, "या आमच्यापेक्षा उंच आहेत."

प्रधानानं भिंतींकडे बघितलं. उंच नाहीत म्हणावं तर समोर दिसताहेत. "थोड्याशा," तो म्हणाला.

"आमच्यापुढं उठून उभं राहायला सांगितलं होतं. आमच्या वर जायला कुणी सांगितलं?"

"मान दिला की असंच होतं, महाराज," ठकू म्हणाली. आता तिला वाट दिसायला लागली होती. "आधी उठून उभं राहायचं, मग खांद्याला खांदा, मग डोक्यावर. आज इथवर आल्या. उद्या परत उठवलंत तर कुठवर जातील, मी काय सांगावं."

"बुडवा त्यांना," महाराज गरजले. त्या हौदात गर्जना दोन्ही भिंतींवर आपटून दुप्पट मोठी होऊन परत आली. "आणि वर उलट बोलतात," महाराज म्हणाले.

"आत्ता बुडवतो," बुडाजी म्हणाला. त्यानं खालची मोरी घट्ट लावली, वरची उघडली. पाणी आलं. भिंती घोट्यापर्यंत बुडाल्या, गुडघ्यापर्यंत बुडाल्या, कमरेपर्यंत बुडाल्या. मोरांच्या माळाही बुडाल्या. 'उन्नती' वर आली तेव्हा दोन्ही भिंतींचा माथा तेवढा पाण्याबाहेर होता, आणि तोही खाली घातल्यासारखा वाटत होता.

"आता कसं," महाराज म्हणाले.

"किती दिवस बुडवून ठेवायच्या, महाराज?" प्रधानानं विचारलं.

"माफी मागेपर्यंत."

"आणि खालची मोरी?" ठकूनं विचारलं. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. "चुकून उघडली, तर पुन्हा उठतील हो."

"मोरीला हात लावेल त्याची गाठ आमच्याशी," महाराज म्हणाले.

ठकू उडाली, ती थेट घरी. पाणी खड्यांच्या बांधावरून आत आलं होतं. नाथा पाण्यात उभा होता, अंड्यांवर पंख पसरून, आणि दोन अंडी त्यानं पायांच्या मधे धरली होती.

"अहो, थांबलं का?"

"कळत नाही. जरा थांब." नाथानं पाण्यातल्या एका खड्याकडे नजर लावली. खड्याच्या डोक्यावरून पाणी जात होतं. बऱ्याच वेळानं त्या खड्याचं डोकं बाहेर आलं. ओहोळानं आपलं काम परत हातात घेतलं होतं. तो बारीकच होता, पण त्याला कुणी अडवत नव्हतं.

त्याच आठवड्यात चारी अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. बाहेर आली आणि पळायलाच लागली. टिटवीची पिल्लं तशीच असतात, बसून राहणं त्यांना माहीत नसतं.

आता राजाचं काय झालं, ते ऐका. गलबत वरच राहिलं. दरबार वरच राहिला. माळ तापला, महाराजांची जीभ बाहेर आली, पण खाली यायची वाटच उरली नव्हती. खालच्या तळ्यावरच्या जनावरांनी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच पोटभर जांभळं खाल्ली, कारण सावलीत निम्मी जागा दरबाराला द्यावी लागली नाही. रोज सकाळी महाराज विचारायचे, "भिंतींनी माफी मागितली का?"

बुडाजी हौदात बुडी मारायचा, वर यायचा, मिशा पुसायचा. "काहीतरी पुटपुटतात महाराज. बुडबुडे येतात. पण शब्द नीट कळत नाही."

"अजून मस्ती आहे," महाराज म्हणायचे.

पावसाळ्याच्या तोंडावर मोठा दरबार भरला. महाराज म्हणाले, "या राज्यात आमची स्तुती करणारे पुष्कळ आहेत. पण आमच्या डोक्यावर कुणी चढतंय, हे कडू सत्य आमच्या तोंडावर सांगायची हिंमत एकटीनं केली. ठकूबाईला आजपासून 'सत्यवचनी' ही पदवी."

टाळ्या फार पडल्या. सगळ्यात जोरात प्रधानानं वाजवल्या. ठकूनं मान लववली. जे खरं ती बोलली होती, ते कुणाच्याच लक्षात नव्हतं. तिनंही ते लक्षात ठेवण्यात अर्थ नव्हता.

ती घरी आली तेव्हा पिल्लं एका वारुळावर चढून बसली होती. त्यांना खाली येता येईना.

"आई, काय करू?" धाकटं ओरडलं.

"उतर," ठकू म्हणाली. "एक-एक पाय. पुढं बघून. उतरायला लाजू नको."

धाकटं उतरलं. मग बाकीची उतरली. नाथा हसायला लागला. "काय हो सत्यवचनी, दरबारात हे चालेल का?"

"दरबारात काय बोलायचं ते मोठी झाली की शिकवीन," ठकू म्हणाली. "आधी उतरायला तरी येऊ दे."

तात्पर्य: राजाला खरं सांगून उपयोग नाही, कारण ते त्याला ऐकू येत नाही. खोटं सांगावं तर पाणी आपल्याच घरात शिरतं. म्हणून शहाण्यानं दोन्ही सोडावं, आणि राजाच्या डोक्यावर कोण चढलंय तेवढं सांगावं. भिंतींचं वाईट वाटून घेऊ नये. त्यांना पाण्यात उभं राहायची सवय असते, आणि माफी त्या आजतागायत मागत नाहीत.